जॅक गेला, कार्ड गेलं, रेडिओबी गेला!

प्रश्न : आमचं प्रयाग चिखलीत गुऱ्हाळ हाय. पाच वर्षं वापरलेला फोन थकला म्हणून पोराच्या आग्रहानं दिवाळीत बावीस हजाराचा नवा घेतला. घरी खोकं उघडलं तर चार्जर नाही. हेडफोनचा जॅक नाही, कार्डाचा कप्पा नाही, रेडिओ तर नाहीच. दुकानदार म्हणतो, आता सगळ्यांनीच काढलंय. दीडशे रुपयाचा कनेक्टर आणला, त्यातनं आवाजच येत नाही. जुन्या चार्जरवर फोन भरायला तीन तास लागतात. एका मोठ्या कंपनीनं दुसरीची टिंगल केलेली जाहिरात पोरानं दाखवली, ती टिंगल करणारीबी आता तेच करती. मेंढरागत सगळे एकाच्या मागनं का जातात? आणि हा फोन परत करू, का ह्यातच मार्ग काढू?
— एक गुऱ्हाळवाले

उत्तर :

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मार्ग काढा. फोन नीट चालत असेल आणि या सोयी नाहीत हे खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात दिसत असेल, तर त्यांचं नसणं हा कायद्याने दोष ठरत नाही. तुमच्या चार तक्रारींपैकी तिघींवर हजार-दोन हजारात इलाज होतो. चौथीवर, म्हणजे रेडिओवर, या फोनमध्ये इलाज नाही. त्याची सोय वेगळी लावावी लागेल, आणि पुरात अडकणाऱ्या चिखलीसारख्या गावात ती लावाच.

आता मेंढरांचं. ॲपलने आयफोन ७ मधून जॅक काढला सप्टेंबर २०१६ मध्ये, आणि त्याच कार्यक्रमात बिनवायरचे एअरपॉड्स जाहीर केले. पुढच्याच महिन्यात गूगलने पहिला पिक्सेल आणताना ‘आमच्यात जॅक आहे’ असा टोमणा मारला. वर्षभरात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, पिक्सेल २ आला तो जॅकशिवाय. सॅमसंगने नोव्हेंबर २०१७ च्या जाहिरातीत आयफोनवाल्याच्या कनेक्टरची चेष्टा केली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये नोट १० मधून आपलाही जॅक काढला. चार्जरच्या बाबतीत तर एवढाही धीर धरला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ चार्जरविना आला, सॅमसंगने सोशल मीडियावर चिमटा काढला, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यांचा एस२१ चार्जरविनाच आला. कार्डाचा कप्पाही त्याच फोनमधून गेला.

कंपन्या कारण सांगतात ते जागेचं आणि पाण्याचं. जागेचं थोडंफार खरं आहे. जॅकची पिन फोनमध्ये जवळपास दीड सेंटिमीटर आत जाते आणि तेवढी जागा आतल्या बाजूला सोडावीच लागते. पाण्याचं कारण मात्र टिकत नाही. २०१६ चा गॅलेक्सी एस७ आयपी६८ दर्जाचा, म्हणजे पाण्यात पडला तरी तगणारा होता, आणि त्यात जॅकही होता, कार्डाचा कप्पाही होता. खरं कारण हिशोबाचं आहे. सोय पहिल्यांदा काढणारा शिव्या खातो. बाकीचे वर्ष-दोन वर्षं थांबून त्याची विक्री पडते का ते बघतात. पडली नाही, की त्यांचाही मार्ग मोकळा होतो, कारण तोवर शिव्या देणारे दमलेले असतात. जॅक गेला की बिनवायरचे हेडफोन खपतात, कप्पा गेला की जास्त स्टोरेजचा महाग फोन खपतो, खोक्यातून चार्जर गेला की तो वेगळा विकता येतो. कमी किमतीच्या फोनांत जॅक आणि कप्पा जास्त काळ टिकले, कारण तिथला गिऱ्हाईक दोन फोन शेजारी ठेवून एकेक गोष्ट मोजून घेतो.

आता कनेक्टरकडे वळू. तुमचे दीडशे रुपये नेमके इथे गेले आहेत. यूएसबी-सी (नव्या फोनचं चार्जिंगचं तोंड) ते ३.५ मिलिमीटर (हेडफोनचा जॅक) असे कनेक्टर दोन जातींचे असतात आणि बाहेरून सारखेच दिसतात. पहिल्यात आत नुसत्या तारा असतात. फोनने आपल्या आतल्या सर्किटमध्ये तयार केलेला आवाज सी-पोर्टातून बाहेर सोडला, तरच तो चालतो. सॅमसंग, पिक्सेल आणि इतर बरेच फोन असा आवाज सोडतच नाहीत, मग कनेक्टर लावूनही फोनच्याच स्पीकरमधून आवाज येत राहतो. दुसऱ्या जातीत इवलीशी चिप असते, तिला डॅक म्हणतात. फोन तिला आकडे पाठवतो आणि आवाज तीच तयार करते. तुम्हाला ही दुसरी जात लागणार. वेष्टनावर ‘डॅक’ असं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. किंमत साधारण पाचशे ते हजार. दुकानदार ‘सगळ्यांना चालतंय’ म्हणाला तरी तुमचाच फोन आणि तुमचाच हेडफोन लावून, गाणंही ऐकून आणि कुणाला तरी कॉल करूनही बघा. काही डॅक कनेक्टरमध्ये ऐकायची चिप असते, पण माइकची वाट नसते. मग गाणं वाजतं आणि समोरच्याला मात्र तुमचा आवाज जात नाही.

जुना कनेक्टर फेकण्याआधी चार गोष्टी तपासा. फोनचं जाड कव्हर काढून लावून बघा. कव्हरच्या कडेमुळे पिन अर्धा-एक मिलिमीटर बाहेर राहिली तरी संपर्क होत नाही. ओप्पो, रिअलमी, वनप्लस, विवो यांच्या अनेक फोनांत सेटिंगमध्ये ‘ओटीजी’ नावाचं, बाहेरची वस्तू फोनला जोडू देणारं बटण असतं. ते चालू केल्याशिवाय डॅक ओळखलाच जात नाही, आणि काही फोनांत दहा मिनिटं वापर झाला नाही की ते आपोआप बंद होतं. ‘काल चालत होतं, आज नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. पोराने कधी डेव्हलपर ऑप्शन्स (सेटिंगमधला लपवलेला भाग) उघडले असतील तर यूएसबी ऑडिओ रूटिंग बंद करणारं बटण त्याने चालू केलेलं नाही ना, तेही बघा. चौथं म्हणजे तोच कनेक्टर दुसऱ्या कुणाच्या फोनला लावून बघा. तिथे वाजला तर कनेक्टर चांगला आहे, पण बहुधा पहिल्या जातीचा आहे.

हेडफोनच्या पिनेकडेही एक नजर टाका. पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर तो माइकचा, दोन असतील तर बिनमाइकचा. माइकच्या पिनांतही जोडणीच्या दोन रीती आहेत. हल्ली सगळीकडे चालते ती सीटीआयए, जुनी ती ओएमटीपी. जुन्या रीतीचा हेडफोन नव्या कनेक्टरला लावला की आवाज पोकळ येतो, गाण्यातला गळा हरवतो, आणि वायरवरचं माइकचं बटण दाबून धरलं की एकदम नीट होतो. असं झालं तर फोनलाही दोष नाही, कनेक्टरलाही नाही. हेडफोन बदला.

गुऱ्हाळावर आणखी एक अडचण येईल. काहिलीची वाफ आणि हाताचा चिकटा सी-पोर्टात गेला की फोन ‘पोर्टात ओलावा आहे’ असं सांगून चार्जिंग थांबवतो. फोन बंद करा, पोर्ट खाली करून मोकळ्या हवेत तासभर ठेवा. ओला असताना जबरदस्तीने चार्जर लावू नका, पिना काळ्या पडतात. हेअर ड्रायर नको, चुलवाणाजवळ तर अजिबात नको. चिपाडाचा भुसा बसला असेल तर फोन बंद करून लाकडी टूथपिकने कडेकडेने हलकेच काढा. पोर्टाच्या मधोमध जी पातळ जीभ असते तिच्यावर सगळ्या पिना आहेत, तिथे सुई किंवा सेफ्टी पिन घातली तर खर्च दुरुस्तीवर जातो. चिकटा असेल तर मऊ ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून पुसा आणि वाळल्यावरच फोन चालू करा.

आमचं मत विचाराल तर कामावर असताना कनेक्टरपेक्षा गळ्यातला नेकबँड बरा. कानातले सुटे बड्स घेऊ नका. त्यांची बॅटरी इवलीशी असते, दोन-तीन वर्षांत बसते आणि बदलता येत नाही. शिवाय एखादा काहिलीत पडला तर बडही गेला आणि आधणही गेलं. नेकबँडची बॅटरी मोठी असते आणि तो गळ्यातून पडत नाही. डॅक कनेक्टर घरी ठेवा. कनेक्टर लावून फोन चार्जही करायचा असेल तर दोन तोंडांचा मिळतो, पण त्यावर ‘डॅक’ आणि ‘पीडी’ (यूएसबी-सीवरून जलद चार्जिंगची रीत) दोन्ही लिहिलेलं हवं. नाहीतर चार्जिंग मुंगीच्या चालीने होतं.

रेडिओ या फोनमध्ये का येणार नाही, तेही सांगतो. फोनमधल्या वाय-फाय आणि ब्लूटूथच्या चिपमध्ये एफएमचा भाग पुष्कळदा असतो, पण त्याला अँटेना लागते आणि ती म्हणजे हेडफोनची वायर. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी ३ मीटर असते, तिचा चौथा हिस्सा ७५ सेंटिमीटर, म्हणून लांब वायर लागते. जॅक गेला की ती वाट गेली. डॅक कनेक्टरला हेडफोन लावला तरी ती वायर एफएमच्या चिपपर्यंत पोचत नाही. प्ले स्टोअरवरची ‘एफएम रेडिओ’ नावाची ॲप्स इंटरनेटवरून ऐकवतात, टॉवर बंद पडला की तीही बंद. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२३ मध्ये कंपन्यांना सूचना दिली होती की ज्या फोनात एफएम रिसीव्हर आहे तिथे तो बंद ठेवू नका. नसेल तिथे तो बसवावा असा सल्लाही तिच्यात होता, पण बसवलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी गाठते, हे तुम्हाला सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात वीज गेली, मग टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या, मग इंटरनेट गेलं, हा क्रमही चिखलीला पाठ आहे. म्हणून जुना फोन एक्स्चेंजमध्ये पाचशे-हजाराला घालवू नका. सिम नसतानाही त्यातला एफएम चालतो. त्याची बॅटरी बदलून घ्या, एक वायरचा हेडफोन रबरबँडने त्यालाच बांधून ठेवा, आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर लावून बघा. एरवी बॅटरी निम्मी भरून बंद करून ठेवावी, दर दोन महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणावी, आणि मृगाला पूर्ण भरावी. मागचं झाकण फुगून उचललं गेलेलं दिसलं तर मात्र चार्ज करू नका. तशा फोनपेक्षा सेलवर चालणारा खिशातला रेडिओ घ्या आणि सेल पावसाळ्यात बाहेर काढून वेगळे ठेवा, नाहीतर ते आतच गळतात.

कार्डाबाबत घाई करू नका. जुन्या फोनमधलं कार्ड ‘अंतर्गत स्टोरेज’ म्हणून फॉरमॅट केलेलं असेल, तर ते त्याच फोनच्या कुलपात बंद असतं. बाहेर काढून दुसरीकडे लावलं की नवा फोन ‘फॉरमॅट करा’ म्हणतो, आणि हो म्हटलं की सगळे फोटो गेले. आधी जुन्या फोनच्या सेटिंगमध्ये स्टोरेज उघडून बघा. ‘पोर्टेबल’ असेल तर कार्ड बिनधास्त काढा आणि दोन-तीनशे रुपयांच्या सी-प्रकारच्या कार्ड रीडरमधून नव्या फोनला जोडा. ‘अंतर्गत’ असेल तर जुना फोन चालू असतानाच फोटो संगणकावर किंवा थेट नव्या फोनवर घ्या. पेन ड्राइव्ह घेणार असाल तर दोन्ही बाजूंना तोंड असलेला घ्या आणि तो एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट करा, कारण फॅट३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. काढण्याआधी वरून पडदा ओढून ‘इजेक्ट’ दाबायचं, मगच ओढायचं.

साध्या फुल एचडी व्हिडिओला मिनिटाला सुमारे १३० एमबी लागतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचईव्हीसी किंवा ‘हाय एफिशिएन्सी’ चालू केलंत तर ते जवळपास निम्म्यावर येतं. व्यापाऱ्याला ढेपेचा रंग दाखवायला फोर-के लागत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपांचं आपोआप डाउनलोड बंद करा, एवढ्यानेच बऱ्याच जणांची कप्प्याची गरज संपते. गूगल फोटोजमध्ये अमर्याद फुकट जागा मिळायची तीही १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मेल, फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप मिळून १५ जीबी.

चार्जरवर बारीक अक्षरांत आउटपुट लिहिलेलं असतं, ते भिंगाने वाचा. तुमच्या जुन्यावर ५ व्होल्ट २ अँपिअर असं असणार, म्हणजे १० वॉट. तीन तास लागतात ते त्यामुळे. नवा घेताना नुसते वॉट बघून फसू नका. फोन आणि चार्जर यांची बोली एकच असावी लागते. सॅमसंगला पीडी आणि त्यातही पीपीएस (व्होल्ट बारकाईने कमी-जास्त करणारा पीडीचा प्रकार) लागतं, आयफोनला साधं पीडी चालतं, ओप्पो-वनप्लसची सुपरवूक ही त्यांची स्वतःची रीत. वेगळ्या बोलीचा ६५ वॉटचा चार्जर लावला तरी फोन १०-१५ वॉटच घेईल. फोन बिघडणार नाही, पैसे वाया जातील. साध्या सी-टू-सी केबलमधून ३ अँपिअरच जातात. ४५ वॉटच्या काही फोनांना ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते. चार्जरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो घालून कंपनीचं नाव जुळतं का ते दुकानातच बघा. नाव वेगळं आलं किंवा काहीच आलं नाही तर तो चार्जर परत द्या.

फोन परत करण्यापेक्षा मार्ग काढा असं सुरुवातीला म्हटलं, त्याला एक अपवाद आहे. तुम्ही ऑनलाइन घेतला असेल आणि विक्रीच्या पानावर ‘कार्ड स्लॉट’ किंवा ‘चार्जर सोबत’ असं लिहिलेलं असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. त्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढा, ती पानं बदलतात. दुकानदाराने तोंडी सांगितलं असेल तर पुरावा उरत नाही, म्हणून पुढच्या वेळी बिलावर लिहून घ्या. आधी कंपनीला लेखी तक्रार करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर, आणि तरीही भागलं नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे शुल्क नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. बिल आणि खोकं जपा. घेताना असलेली सोय पुढे एखाद्या अपडेटने काढली तर मात्र तुमची बाजू जास्त भक्कम असते. मोठं अपडेट येताच त्याच रात्री टाकू नका, आठ-पंधरा दिवस इतरांचं काय होतंय ते बघा, कारण बहुतेक फोनांत मागे परतता येत नाही. दरमहाची सुरक्षेची छोटी अपडेट्स मात्र थांबवू नका, त्याच फोनवर तुमचं यूपीआय चालतं.

पुढचा फोन घ्यायला कोल्हापूरच्या राजारामपुरीत जाल तेव्हा खिशात तीन वस्तू न्या : वायरचा हेडफोन, जुनं कार्ड आणि कागदावर लिहिलेला मॉडेल नंबर. नाव नव्हे, नंबर. एकाच नावाच्या फोर-जी आणि फाइव्ह-जी फोनांत जॅक एकात असतो, दुसऱ्यात नसतो. परदेशी यूट्यूबवाल्याने दाखवलेला फोन इथे आतून वेगळा निघू शकतो. कप्पा आहे म्हणाले तर ट्रे बाहेर काढायला लावा. त्यात दोनच जागा असतील तर दुसरं सिम किंवा कार्ड, यापैकी एकच बसेल. तुमचं एक सिम धंद्याचं आणि एक घरचं असेल, तर तीन जागांचा ट्रे असल्याशिवाय पैसे देऊ नका.